बॅकअप रोज चालायचा, पण अर्ध्यातच अडकायचा : एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसातलं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे ऑफिस, बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर. नावगाव मुद्दाम देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, बाकी घडलं तसंच लिहितोय. ऑफिसचे मालक साठीच्या आसपासचे, सगळं गाव त्यांना काका म्हणतं. हाताखाली दहाएक वर्षं काम करणाऱ्या एक ताई, आणि एक नवीन मुलगा. मी गावातच कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो, त्यांच्याकडे काही अडलं की फोन मला येतो.

कॉम्प्युटर तीन, पण सगळा डेटा मेन कॉम्प्युटरच्या डी ड्राईव्हवर, बाकीचे दोन नेटवर्कवरून तोच उघडतात. साधारण १८० जीबी. क्लायंटांचे पॅन-आधारचे स्कॅन, जीएसटीच्या एक्सेल शीट, रिटर्न, टीडीएस, टॅली, सगळं त्यात. हा डेटा गेला तर ऑफिस बंद करावं लागेल असं काका स्वतःच म्हणायचे, म्हणून बॅकअपचं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. १ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क घेतलेली. माझ्या आधी जो मुलगा काम बघायचा त्याने एक बॅच फाईल, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने हुकूम देणारी छोटी फाईल, बनवून दिली होती, त्यात रोबोकॉपी ह्या विंडोजच्या कॉपी करायच्या हुकमाची एक ओळ, डी ड्राईव्हवरचं सगळं ई ड्राईव्हच्या बॅकअप फोल्डरमध्ये मिरर करायची. ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये वेळ लावलेली रोज दुपारी दीडची.

दुपारची का, तर संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत आहे. रात्री दहाचा वगैरे बॅकअप अशा ठिकाणी कधीच होत नाही, कॉम्प्युटरच बंद असतो. जेवणाच्या सुट्टीत कुणी काम करत नाही तेव्हा तो होऊन जातो. त्या मुलाने हा विचार बरोबर केला होता, हे सांगायलाच पाहिजे. हार्ड डिस्क सकाळी ताई लावायच्या, संध्याकाळी काढून कपाटात.

काका महिन्यातून एकदा डिस्क उघडून बघायचे. पहिलंच फोल्डर ऑडिटचं, त्यात कालपरवाच्या फाईल दिसल्या की समाधान. दोन वर्षं असं चाललं.

अडचण

जुलैची ९ तारीख. ११ तारखेला जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, मुदत, ऑफिसात बसायला जागा नाही इतकी गर्दी, आणि तेवढ्यात एक क्लायंट, हार्डवेअरचे दुकानदार, पेन ड्राईव्ह घेऊन परत आले. आदल्या दिवशी त्यांनी खरेदीची बिलं त्यातून दिली होती, संध्याकाळी पेन ड्राईव्ह घेऊन गेले होते. म्हणाले, "काका, ह्यात जागाच नाही दाखवत आता, आणि कुणाकुणाचं ऑडिट आलंय बघा माझ्यात."

३२ जीबीचा पेन ड्राईव्ह गच्च भरलेला. आत बॅकअप नावाचं फोल्डर, त्यात ऑडिट आणि क्लायंट ही दोन फोल्डरं, म्हणजे गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांचे ताळेबंद तिसऱ्याच माणसाच्या खिशात. काकांचा चेहरा पांढरा पडला. त्या दुकानदारांनी सरळपणे आणून दाखवलं म्हणून बरं, नाहीतर हे कळलंच नसतं.

काकांनी मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "अरे व्हायरस आलाय बहुतेक."

पहिला निर्णय : आधी काय करायचं

मी पोचलो तेव्हा सगळे म्हणत होते पेन ड्राईव्ह लगेच फॉरमॅट मार. मी थांबवलं, दोन कारणांनी. एक म्हणजे त्यात त्या दुकानदारांची स्वतःची बिलं होती. दुसरं म्हणजे त्यात नक्की काय गेलंय ते आपल्याला कळलं पाहिजे, कुणाकुणाचं गेलंय त्यांना सांगायचं झालं तर यादी लागेल. आधी फोल्डरच्या नावांची यादी काढली, मग बिलं बाजूला कॉपी केली, मग दुकानदारांच्या समोरच पेन ड्राईव्हला फुल फॉरमॅट मारला. क्विक नाही. क्विक फॉरमॅटने नुसती यादी पुसली जाते, फाईल रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. फुल फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो, वेळ लागतो पण मग काही उरत नाही. मधल्या रात्री त्यांनी तो दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला लावला होता का हेही विचारलं, फक्त दुकानातल्याच, आणि तिथे काही कॉपी केलेलं नव्हतं. ज्यांचं त्यात होतं त्यांना काकांनी स्वतः फोन केले. अवघड फोन होते ते, पण त्यांनी एकही टाळला नाही, आणि याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

दुसरी गोष्ट लगेच केली ती म्हणजे बॅकअपच्या टास्कला हात न लावता, माझ्याजवळची एक मोकळी हार्ड डिस्क लावून डी ड्राईव्ह आहे तसा हाताने कॉपी करायला टाकला. आउटलुक आणि टॅली बंद करून. पुढच्या निळ्या, वेगवान यूएसबी पोर्टला लावायला गेलो तर ते ढिलं निघालं, हळू चालणाऱ्या काळ्याला लावावं लागलं, म्हणून सव्वातीन तास गेले. मुदतीच्या दोन दिवस आधी तीन तास कॉम्प्युटर अडकवणं काकांना पटत नव्हतं, थोडा वाद झाला. पण ज्या बॅकअपवर शंका आलीय तो दुरुस्त करताना मूळ डेटाची एक तरी खात्रीची प्रत हातात नसेल तर मी पुढे जात नाही.

शोधाशोध

पेन ड्राईव्हचं कोडं दहा मिनिटांत सुटलं. ताईंनी त्या दिवशी सकाळी आधी क्लायंटचा पेन ड्राईव्ह लावला, हार्ड डिस्क अजून कपाटातच होती. मोकळं असलेलं पहिलं अक्षर ई, ते पेन ड्राईव्हला मिळालं. नंतर हार्ड डिस्क लावली ती झाली एफ. बॅच फाईलला एवढंच माहीत की ई ड्राईव्हवर कॉपी करायचं, तिथे आपली डिस्क आहे का दुसऱ्याचा पेन ड्राईव्ह हे ती बघत नाही. दीड वाजले, कॉपी सुरू. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की बॅच फाईलमध्ये बॅकअप हे फोल्डर दिलं होतं. नुसतं ई ड्राईव्ह एवढंच लिहिलेलं असतं तर मिररच्या नियमाने पेन ड्राईव्हवरची दुकानदारांची स्वतःची बिलं उडाली असती, कारण मिरर म्हणजे मूळ जागी जे नाही ते दुसरीकडूनही काढून टाकणं.

इथे थांबता आलं असतं. अक्षर पक्कं करून दिलं की झालं काम. पण ताई सहज बोलून गेल्या, "दादा, ती काळी खिडकी रोज दुपारी येते, मधेच अडकून बसते, मग मी संध्याकाळी जाताना बंद करते." मी विचारलं किती दिवस असं होतंय. म्हणाल्या, "बरेच महिने झाले की."

मग मी हार्ड डिस्क उघडली आणि काका बघायचे तसं पहिलं फोल्डर न बघता शेवटचं उघडलं. फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने : ऑडिट, क्लायंट, जीएसटी, आयटीआर, आउटलुक, स्कॅन, टॅली, टीडीएस. आयटीआरपर्यंत सगळं ताजं. स्कॅनमध्ये सगळ्यात नवी फाईल चौदा महिन्यांपूर्वीची. टॅलीत चौदा महिने. टीडीएसमध्येही चौदा महिने. काका बाजूला उभे होते, खुर्चीवर बसले.

संध्याकाळी कॉपी संपल्यावर टास्क हाताने चालवला, ह्या वेळी नेहमीसारखं आउटलुक चालू ठेवून, आणि काळ्या खिडकीकडे बघत बसलो. कॉपी आउटलुकच्या फोल्डरमधल्या पीएसटी फाईलशी, म्हणजे सगळी ईमेल साठवणाऱ्या फाईलशी, आली आणि एरर ३२, फाईल दुसरा प्रोग्रॅम वापरतोय. खाली ओळ, ३० सेकंद थांबतोय, परत प्रयत्न करतोय. परत तेच. परत तेच.

आउटलुक चालू असताना त्याची पीएसटी फाईल लॉक असते, दुसऱ्या कुणाला कॉपी करू देत नाही. ही तशी छोटी गोष्ट, एक फाईल सोडून पुढे जायला पाहिजे. पण रोबोकॉपीला आपण काही सांगितलं नाही तर तो एका फाईलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतो आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबतो. गुणाकार करून बघा, ३ कोटी सेकंद, म्हणजे ३४७ दिवस. एका फाईलपायी साडेअकरा महिने तो तिथेच उभा राहणार, आणि ताई संध्याकाळी खिडकी बंद करणार, दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. म्हणून ओ अक्षराच्या आधीचं सगळं रोज ताजं आणि त्यापुढचं काहीच नाही.

आता चौदा महिन्यांपूर्वी काय झालं होतं? सी ड्राईव्ह भरला होता, १२० जीबीची एसएसडी, आणि जागा करायला पीएसटी फाईल सीवरून डीवर हलवली होती. ती मी हलवली होती. माझ्याच वहीत तारीख सापडली. ते काम करताना डी ड्राईव्हचा बॅकअप कसा चालतो हे मी बघितलं नाही, विचारलंही नाही. हे काकांना तिथल्या तिथे सांगितलं.

हार्ड डिस्क खराब आहे का तेही तपासलं, कारण काका म्हणत होते नवीनच घेऊ. क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागा, दोन्ही शून्य. डिस्क धडधाकट होती.

पर्याय काय काय होते

रात्री चहा घेत तासभर बोललो. काकांची एक अट सुरुवातीलाच पक्की होती, आणि पुढचे सगळे निर्णय त्या अटीवर ठरले : डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावली की फाईल तशीच्या तशी दिसली पाहिजे, कुठलं सॉफ्टवेअर टाकून उघडायला लागता कामा नये, कारण उद्या मी नसलो तर ताईंना ते जमलं पाहिजे.

बॅकअपचं वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं, हा एक पर्याय. ही सॉफ्टवेअर विंडोजची शॅडो कॉपी, म्हणजे फाईल उघडी असतानाही घेता येणारी त्या क्षणाची प्रत, वापरतात, त्यामुळे चालू असलेली पीएसटीसुद्धा कॉपी होते, हा मोठा फायदा. पण बरीचशी स्वतःच्या फॉरमॅटमध्ये एकच मोठी फाईल बनवतात, ती अट मोडत होती. विंडोजची फाईल हिस्टरी, ती जुन्या आवृत्त्या ठेवते आणि दर तासाला चालते, पण ती मुळात डॉक्युमेंट, पिक्चर अशा ठरलेल्या जागा घेते, डी ड्राईव्हवरचं एकेक फोल्डर लायब्ररीत घालावं लागतं, आणि प्रत्येक फाईलच्या नावामागे तारीख-वेळ चिकटवते. ताई म्हणाल्या ह्यात माझा गोंधळ होईल. मी जास्त ताणलं नाही, आता वाटतं थोडं ताणायला हवं होतं, ते पुढे सांगतो.

क्लाऊड सांगितला तर काकांचा पहिला प्रश्न स्पीडचा. त्यांच्या लाईनचा अपलोड १० एमबीपीएस, १८० जीबी चढवायला न थांबता ४० तास. तरी मी म्हणेन की टॅली आणि टीडीएसपुरता क्लाऊड करण्यासारखा आहे. काकांना क्लायंटांचा डेटा बाहेर ठेवणं त्या आठवड्यात तरी नको होतं, आणि जे घडलं होतं ते बघता मी आग्रह धरला नाही.

राहिला शेवटचा, आहे तीच बॅच फाईल नीट करायची आणि दुसरी एक डिस्क घ्यायची. तेच ठरलं.

काय केलं

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन हार्ड डिस्कला टी हे अक्षर दिलं. मुद्दाम लांबचं, कारण पेन ड्राईव्ह डी-नंतरच्या मोकळ्या अक्षरांपासून सुरू होतात, टीपर्यंत पोचायचे नाहीत. पण नुसत्या अक्षरावर आता माझा विश्वास नव्हता. म्हणून डिस्कवर एक छोटी टेक्स्ट फाईल ठेवली, आणि बॅच फाईलला पहिलं काम हे दिलं की टी ड्राईव्हवर ती फाईल आहे का बघ, नसेल तर काही कॉपी करू नको, खिडकीत निरोप लिही आणि थांब. निरोप मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या काळ्या खिडकीत देवनागरी धड दिसत नाही.

मग परत प्रयत्न फक्त २ आणि थांबणं ५ सेकंद. एवढे दोन आकडे आधी असते तर चौदा महिने गेले नसते. पीएसटी रोजच्या कॉपीतून वगळली, तिच्यासाठी शनिवारी ऑफिस सुटताना आउटलुक बंद करून वेगळी बॅच फाईल. मिरर काढला, कारण मूळ जागी चुकून काही डिलीट झालं तर दुसऱ्या दिवशी बॅकअपमधूनही जातं. टॅली चालू असताना त्याच्या फाईल कॉपी करणं मला धोक्याचं वाटतं, अर्धवट लिहिलेली फाईल उचलली जाऊ शकते, म्हणून ताईंना टॅलीतलाच बॅकअप शिकवला, आल्ट आणि वाय दाबून डेटा मेन्यूतून, तो डी ड्राईव्हवरच्या फोल्डरमध्ये घ्यायचा, मग तो आपोआप डिस्कवर जातो.

लॉग फाईल, म्हणजे काय कॉपी झालं त्याची नोंद, चालू केली, आणि शेवटी निकाल तपासणारी एक ओळ. रोबोकॉपीचा निकाल एका आकड्यात येतो, तो वाचताना बरेच जण फसतात. शून्य म्हणजे नवीन कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, एक म्हणजे फाईल व्यवस्थित कॉपी झाल्या, ते एरर नव्हे. आठ किंवा जास्त आलं तरच काहीतरी राहिलंय. आठच्या खाली असेल तर डेस्कटॉपवरच्या एका फाईलमध्ये आजची तारीख लिहायची, नसेल तर खिडकी उघडीच ठेवायची. ताई रोज दोन वाजता ती तारीख बघून वहीत टिक करतात.

दुसरी डिस्क आणली, तिलाही टी अक्षर, तिच्यातही तीच छोटी फाईल. एकीवर लाल स्टिकर, दुसरीवर निळं. सोमवार-बुधवार-शुक्रवार लाल, मधल्या दिवशी निळी. जी लावलेली नसते ती काकांच्या घरी.

मग काय झालं

पहिले दहा दिवस टिक पडत गेल्या. मग एका सोमवारी तारीख बदलली नाही. लॉगसुद्धा कोरा, म्हणजे टास्क सुरूच झाला नव्हता. त्या दिवशी सव्वा ते तीन लाईट नव्हती, पण कॉम्प्युटर तर यूपीएसवर चालू होता असं ताई म्हणाल्या. कारण तेच निघालं. यूपीएसची डेटा केबल यूएसबीला लावलेली होती, त्यामुळे विंडोजला तो बॅटरी म्हणून दिसतो, अगदी लॅपटॉपसारखा. आणि टास्क शेड्युलरमध्ये कंडिशन्सच्या पानावर फक्त एसी पॉवरवर असेल तरच सुरू कर ही खूण आधीपासूनच असते. ती काढायची का यावर मी विचार केला आणि ठेवली. यूपीएस वीस मिनिटांत दम तोडतो, कॉपी चालू असताना डिस्कची वीज जाण्यापेक्षा ती कॉपी न झालेली बरी. त्याऐवजी साडेपाचचा दुसरा ट्रिगर, म्हणजे टास्क सुरू व्हायची आणखी एक वेळ, लावला. दुपारी झालेलं असेल तर नवीन बदललेल्या फाईलच जातात, दोनचार मिनिटांचं काम.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझ्या लॅपटॉपला डिस्क लावून परत उघडून बघायचं ठरवलं. टॅलीचा बॅकअप लॅपटॉपवर रिस्टोअर करून शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं ते बघायचं, स्कॅनमधल्या पाच फाईल कुठल्याही उघडायच्या, टीडीएसमधली एक. पहिल्या वेळी सगळं जुळलं. काकांनी स्वतः उघडून बघितलं, शेवटच्या फोल्डरपासून.

ऑगस्टमध्ये खरी परीक्षा झाली. नवीन मुलाने एका क्लायंटच्या जीएसटी शीटवर बुधवारी सकाळी दुसऱ्याच क्लायंटचे आकडे टाकून सेव्ह केलं. ताईंच्या लक्षात आलं गुरुवारी अकरा वाजता. लाल डिस्कवर बुधवारचीच, म्हणजे बिघडलेली शीट. निळीवर मंगळवारची चांगली. ती परत आणली, काम वाचलं. पण निळी त्याच दिवशी दीडला परत चालणार होती, अडीच तास उशीर झाला असता तर चांगली प्रत गेली होती. त्यानंतर दर शनिवारी जीएसटी, टॅली आणि टीडीएस ह्या तीन फोल्डरांची तारखेच्या नावाने वेगळी प्रत ठेवायला लागलो, साधारण २५ जीबी होते, शेवटच्या चार ठेवायच्या.

आता परत करायचं झालं तर

फाईल हिस्टरीवर मी लवकर माघार घेतली असं मला वाटतं. सगळ्या डी ड्राईव्हला नाही, पण जीएसटीच्या फोल्डरला ती लावली असती तर ऑगस्टमधली शीट तासाच्या हिशोबाने परत मिळाली असती. ताईंचा गोंधळाचा मुद्दा खरा होता, पण तो एक दिवस बसून शिकवण्यासारखा होता, मी दमलो होतो म्हणून सोडून दिला.

दुसरं, ताईंना मी आधीच विचारायला हवं होतं. चौदा महिने रोज त्या खिडकीने ३० सेकंद थांबतोय असं लिहून दाखवलं, आणि ते दिसणारं एकच माणूस होतं त्या ऑफिसात. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की खिडकी आपोआप बंद व्हायला पाहिजे, न झाल्यास काहीतरी बिनसलंय. आता मी बॅकअप लावून देतो तिथे, लावताना जो माणूस त्या खुर्चीवर बसतो त्यालाच शेजारी बसवतो आणि एकदा मुद्दाम डिस्क न लावता टास्क चालवून दाखवतो, म्हणजे चूक झाल्यावर काय दिसतं ते त्याने बघितलेलं असतं.

आणि एक काम अजून राहिलंय. घरी जाणाऱ्या डिस्कला कुलूप नाही. काकांच्या पिशवीतून ती रोज रस्त्याने जायची, आणि पेन ड्राईव्हच्या वेळी जे झालं तेच डिस्क हरवली तर परत होईल, तेही दोन फोल्डरांपुरतं नव्हे, सगळ्यांचं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला पासवर्डचं कुलूप घालणारी विंडोजची सोय, लावायचं तर मेन कॉम्प्युटरवर विंडोजची होम आवृत्ती आहे, तिच्यावर लॉक केलेली डिस्क उघडता येते पण लॉक करता येत नाही, प्रो आवृत्ती लागेल. ऑडिटची ३० सप्टेंबरची गडबड संपली की ते करायचं ठरलंय, तोपर्यंत दुसरी डिस्क घरी न नेता खालच्या मजल्यावर काकांच्या भावाच्या दुकानातल्या तिजोरीत ठेवतोय. बिल्डिंग तीच आहे, आग लागली तर दोन्ही जातील, हे काकांनाही माहीत आहे.